तोफा डोंगराआड, डोळे माथ्यावर

जुलैच्या अंकात कारगिलच्या चार आठवणी मी लिहिल्या होत्या. त्यात ओघात एक वाक्य येऊन गेलं, "त्या रात्री आमच्या ब्रिगेडच्या सगळ्या रेजिमेंटांनी एकाच वेळी एकाच माथ्यावर मारा केला." या एका वाक्यावरून नऊ पत्रं आली. संपादकांनी ती गठ्ठ्याने माझ्याकडे धाडली आणि फोनवर म्हणाले, "सुभेदारसाहेब, आता तुमचं तुम्हीच निस्तरा." तर पेडण्यात घरच्या सोप्यावर बसून निस्तरतो आहे. मी 28 वर्षं तोफखान्यात काढली, 1990 ते 2018. त्यातला बराच काळ टेक्निकल असिस्टंट, आमच्या भाषेत टी.ए. होतो. म्हणजे गोळा भरणारा नव्हे, गोळ्याचं गणित मांडणारा. उत्तरांत आकडे जास्त झाले तर सांभाळून घ्या.

बॅटरी, रेजिमेंट, ब्रिगेड हे शब्द पेपरवाले वाटेल तसे वापरतात. तोफखान्याची ब्रिगेड म्हणजे किती तोफा, आणि ती कुणाच्या हाताखाली? — एक निवृत्त तलाठी, डिचोली

तलाठीसाहेब, खालून वर जाऊ. एका तोफेवर सहा-आठ जण असतात. त्यांचा म्होरक्या हवालदार, त्याला 'नंबर वन' म्हणतात. अशा 6 तोफांची एक बॅटरी. 3 बॅटऱ्यांची एक रेजिमेंट, म्हणजे 18 तोफा, आणि तिच्यावर कर्नल. अशा तीन-चार रेजिमेंटांची एक ब्रिगेड, तिच्यावर ब्रिगेडियर. गुणाकार तुम्हीच करा, 54 किंवा 72. कुठे एखादी रेजिमेंट रॉकेटांची असते, कुठे मॉर्टरची, म्हणजे उखळी तोफांची, म्हणून आकडा पुढेमागे होतो. ही ब्रिगेड पायदळाच्या एका डिव्हिजनची असते. त्याशिवाय कोअर, म्हणजे काही डिव्हिजन मिळून होणारी वरची पायरी, तिच्या हाताशी स्वतंत्र तोफखाना ब्रिगेड असते, आणि शत्रूच्या मुलखात घुसणाऱ्या स्ट्राइक कोअरसाठी तर अख्खी तोफखाना डिव्हिजन असते.

पण तोफा मोजून ब्रिगेड कळत नाही. ती कळायची तर पायदळाची उतरंड शेजारी मांडून बघा. डिव्हिजनमध्ये पायदळाच्या साधारण 3 ब्रिगेडी, प्रत्येकीत 3 बटालियन. आता आमचे 3 आकडे पुन्हा वाचा. एक रेजिमेंट एका पायदळ ब्रिगेडच्या वाट्याला आणि तिची एकेक बॅटरी एकेका बटालियनच्या वाट्याला, असा हिशेब बरोबर जुळतो. मग माणसं कुठे बसतात? तोफखान्याचा ब्रिगेडियर डिव्हिजनच्या जनरलपाशी. रेजिमेंटचा कर्नल पायदळाच्या ब्रिगेडियरपाशी. बॅटरी कमांडर बटालियनच्या कर्नलपाशी. आणि पुढे चढणाऱ्या कंपनीबरोबर आमचा एक तरुण कॅप्टन किंवा लेफ्टनंट, पाठीवर रेडिओ घेतलेला ऑपरेटर आणि एखाददुसरा मदतनीस. लक्ष्य बघणाऱ्या या पार्टीला आम्ही ओ.पी. म्हणतो. तोफा मात्र यांच्यापैकी कुणाच्याच जवळ नसतात, त्या दहा-पंधरा किलोमीटर मागे, डोंगराच्या आड.

नवखा माणूस विचारतो, मग प्रत्येक बटालियनला तिच्या 6 तोफा देऊन का टाकत नाहीत, ब्रिगेड हवीच कशाला? कारण ज्या बटालियनसमोर आज काहीच हालचाल नाही, तिच्या तोफा आज फुकट उभ्या राहतील. तोफेचं तोंड फिरवायला मिनिटही लागत नाही, ती जागची न हलता दहा किलोमीटर डावीकडे मारू शकते. म्हणून तोफा बांधून दिलेल्या असल्या तरी दोरी वर असते. रेजिमेंटने आपल्या वाट्याच्या ब्रिगेडच्या हाकेला आधी ओ द्यायची, पण तोफखान्याच्या ब्रिगेडियरने सांगितलं की सगळ्यांनी मिळून एका ठिकाणी वळायचं. लांब पल्ल्याच्या तोफांची रेजिमेंट तर तो बहुधा स्वतःच्याच हातात ठेवतो. पायदळ आणि रणगाडे राखीव ठेवतात, पण तोफखाना कधी राखीव ठेवत नाहीत, हा आमच्याकडचा जुना दंडक. तोफ पोचली की ती कामालाच लागली पाहिजे.

तोफ किती लांब मारते? आणि समोरचं दिसतच नसेल तर नेम कसा धरतात? — कॉलेजचा विद्यार्थी, फोंडा

फोंड्याचा आहेस, तर तुझ्याच किल्ल्यापासून सुरुवात करू. 1683 साली पोर्तुगीजांनी फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घालून तोफा लावल्या, आणि संभाजीराजे धावून आल्यावर त्यांना तो वेढा उठवावा लागला. त्या वेळच्या गोलंदाजाला समोरची भिंत डोळ्यांनी दिसत होती. तोफेचं तोंड भिंतीकडे आणि हातात बत्ती. जगभर विसावं शतक उजाडेपर्यंत साधारण असंच चाललं. 1904-05 च्या रशिया-जपान युद्धात आडोशाला उभं राहून, दुसऱ्याच्या डोळ्यांनी मारा करण्याची रीत पक्की रुजली.

पल्ल्याचं म्हणशील तर आपला गोव्याचा नकाशा पुढ्यात घे आणि तोफ म्हापशात उभी कर. अंतरं सरळ रेषेत मोजायची, कदंब बसच्या तिकिटावरची नव्हेत. 105 मिलिमीटर तोंडाची आपली जुनी फील्ड गन 17 किलोमीटर मारते, म्हणजे पणजी ओलांडून बांबोळीच्या थोडं पुढे, झुवारीच्या अलीकडेच तिचा दम संपतो. 130 मिलिमीटरची रशियन तोफ 27 किलोमीटर, तिच्या टापूत वास्को आणि दाबोळी आले. जबलपूरला बनणारी धनुष 38 किलोमीटर, म्हणजे गोळा मडगावच्या वेशीवर. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी बांधलेली नवी अटॅग्ज 48 किलोमीटर, ती मडगाव मागे टाकते. पिनाका रॉकेटांचा पहिला अवतार धनुषएवढाच, 38 किलोमीटर, पण एक गाडी 44 सेकंदांत 12 रॉकेटं सोडते. आणि स्मर्च रॉकेट 90 किलोमीटर, म्हणजे म्हापशातून थेट पोळ्याचा चेकनाका. अख्खा गोवा संपला.

आता नेम. माथ्यावरचा ओ.पी. अधिकारी दुर्बिणीतून आणि लेझरच्या यंत्रातून लक्ष्य बघतो, नकाशावरचे आकडे काढतो आणि रेडिओवर मागे कळवतो की अमुक ठिकाणी, अमुक प्रकारचं लक्ष्य, अमुक गोळा. मागे तोफांजवळच्या कमांड पोस्टमध्ये टी.ए. बसलेला असतो. त्याने दोन गोष्टी काढायच्या, तोफ कुठल्या दिशेला वळवायची आणि नळी किती उचलायची. शाळेत वर्तुळाचे 360 अंश शिकलास, आम्ही त्याचे 6400 भाग करतो. एका भागाला मिल म्हणतात. एक मिल चुकलं की किलोमीटरवर गोळा एक मीटर सरकतो, दहा किलोमीटरवर दहा मीटर. सोपा हिशेब आहे, म्हणूनच अंश सोडून हे माप घेतलं.

अवघड भाग पुढे आहे. गोळा आकाशात मिनिटभर असतो. वर वारा कुठला, हवा गरम की थंड, विरळ की दाट, बारूद सकाळच्या गारठ्यातली की दुपारी तापलेली, या नळीतून आजवर किती गोळे गेले आणि ती किती झिजली, तोफ खाली आणि लक्ष्य वर असेल तर किती वर, हे सगळं धरायचं. लांबच्या माऱ्यात पृथ्वी स्वतःभोवती फिरते त्याचीही दुरुस्ती करावी लागते. मी शिकलो तेव्हा हे कोष्टकांच्या जाडजूड पुस्तकातून, पेन्सिलीने करायचो. आता 'शक्ती' नावाची संगणक यंत्रणा ओ.पी.पासून तोफेपर्यंत सगळ्यांना एका जाळ्यात बांधते आणि उत्तर क्षणात देते. तरी कोष्टकं शिकवतातच. बॅटरी उतरली की संगणक म्हणजे नुसता पत्र्याचा डबा.

इतकं करूनही पहिला गोळा बरोबर पडेलच असं नाही. तो पडला की ओ.पी. सांगतो, "ॲड 200", म्हणजे 200 मीटर पुढे टाका, किंवा "लेफ्ट 100". एक लक्ष्याच्या पुढे, एक मागे, मग मध्ये, असं करत नेम बसला की बाकीच्या तोफा सुरू. बुलबुल पकडायला दोन्ही बाजूंनी हात नेतात, तसंच काहीसं.

सगळ्या रेजिमेंटांनी 'एकाच वेळी' मारा केला असं तुम्ही लिहिलंत. एकाच वेळी म्हणजे नेमकं कसं, आणि त्याने काय साधतं? — शाळेतल्या बाई, म्हापसा

बाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या भजनी सप्ताहात आहे. पखवाजवाला, चार टाळकरी, पेटीवाला, सगळे आपापलं वाजवत असतात, पण समेवर एकत्र आले नाहीत तर देवळातली म्हातारी माणसं मान फिरवतात. तोफांची सम म्हणजे तोफा सुटण्याचा क्षण नव्हे, गोळे पडण्याचा क्षण. जवळच्या रेजिमेंटचा गोळा 30 सेकंदांत पोचत असेल आणि लांबच्या रेजिमेंटचा 70 सेकंदांत, तर लांबच्यांनी 40 सेकंद आधी सोडायचा. वर्षानुवर्षं मी हेच करत आलो, घड्याळातून उलटे सेकंद मोजणं.

का, तर पहिल्या गोळ्याच्या वेळी समोरचा माणूस बंकरबाहेर असतो. चहा करत असतो, पहाऱ्यावर उभा असतो. पहिल्याच क्षणी शंभर गोळे पडले तर पडले. एकेक करत पडले तर दुसऱ्या गोळ्याला तो जमिनीखाली गेलेला असतो, मग नंतरचा सगळा दारूगोळा दगड फोडण्यात जातो.

1999 च्या जूनमध्ये द्रासला आमच्या तोफा श्रीनगर-लेह रस्त्याच्या कडेने उभ्या होत्या. वर तोलोलिंग, त्याच्या पलीकडे टायगर हिल, आणि माथ्यावरून शत्रू आमचा रस्ता दिवसाढवळ्या बघत होता. 8 माउंटन डिव्हिजनच्या तोफखाना ब्रिगेडचे कमांडर ब्रिगेडियर लखविंदर सिंग होते. एका शिखरावर हल्ला ठरला की त्यामागे शंभराच्या आसपास तोफा एकवटायच्या, अशी त्या लढाईची रीत पडली. दुसऱ्या क्षेत्रातल्या तोफाही ज्यांना पल्ला पोचेल त्या वळवल्या जात. तोलोलिंग 13 जूनला घेतलं. टायगर हिल 4 जुलैला. त्या एका दिवशी 9,000 गोळे टाकले गेले. अख्ख्या लढाईत सुमारे 300 तोफा, मॉर्टर आणि रॉकेट-गाड्यांनी अडीच लाखांवर गोळे टाकले. काही बोफोर्स तर रस्त्यावर उभ्या राहून समोर दिसणाऱ्या बंकरवर थेट मारत होत्या, वर सांगितलेल्या 1683 च्या वेढ्यासारख्या. पुढे 2022 मध्ये त्या भागातल्या पॉइंट 5140 या शिखराला 'गन हिल' नाव दिलं. आम्हा तोफखानावाल्यांना तेवढं पुरे.

टी.ए. म्हणून मला आठवते ती मात्र हवा. तिथली हवा इतकी विरळ की गोळा कोष्टकातल्या आकड्यापेक्षा पुढे जायचा. मैदानात पाठ केलेलं सगळं तिथे उघडं पडलं. पहिले काही दिवस आम्ही गोळा कुठे पडला ते ओ.पी.कडून ऐकायचो, वहीत लिहायचो आणि तिथल्या हवेचं आमचं आमचं कोष्टक तयार करायचो. माझी ती निळ्या पुठ्ठ्याची वही रेजिमेंटमध्येच राहिली. ती सोबत न्यायची परवानगी नसतेच.

आणि बाई, एकाच वेळी सुरू करणं सोपं. एकाच वेळी थांबवणं कठीण. आपले जवान चढत असतात आणि गोळे त्यांच्या डोक्यावरून जाऊन पुढे पडत असतात. ते काहीशे मीटरवर पोचले की मारा पुढे सरकवायचा. लवकर सरकवला तर शत्रू डोकं वर काढतो, उशिरा सरकवला तर आपलीच माणसं. हा निर्णय पायदळाबरोबर धापा टाकत चढणारा आमचा तो कोवळा ओ.पी. अधिकारी घेतो.

तुमच्या हातून कधी चूक झाली का? — नाव नको म्हणणारा वाचक, काणकोण

झाली. नोकरीचं चौथं वर्ष, राजस्थानातली एक फायरिंग रेंज, दुपारी दोनचं ऊन. रेडिओवर दिशेचा आकडा आला, 2350. मी लिहिला 2530. फरक 180 मिलचा. लक्ष्य 12 किलोमीटरवर होतं. वरचा हिशेब लावा, गोळा दोन किलोमीटरहून जास्त बाजूला गेला असता. त्या बाजूला रेंजची हद्द संपत होती आणि पलीकडे मेंढपाळ असत.

गेला नाही, कारण आमच्याकडे एकाचं गणित कधी तोफेपर्यंत जात नाही. दोघे वेगवेगळं काढतात आणि मोठ्याने ताडून बघतात. दुसऱ्या टी.ए.ने 2350 म्हटलं, मी 2530, आणि गन पोझिशनच्या कॅप्टनने "स्टॉप" असं ओरडून सगळं थांबवलं. तो मला एक शब्द बोलला नाही. संध्याकाळी आमच्या सुभेदारांनी मात्र बोलावलं आणि महिनाभर प्रत्येक आकडा मला आधी सुलटा, मग उलटा वाचायला लावला. ती सवय हाडात मुरली. अजून बँकेत स्लिप भरताना मी खातेनंबर उलटा वाचतो. मागच्या माणसाला वाटतं, म्हाताऱ्याला दिसत नाही.

एका रेजिमेंटच्या दारूगोळ्याला किती ट्रक लागतात? माझे तीन टिपर खाण बंद झाल्यापासून दारात उभे आहेत, म्हणून विचारतो. — ट्रकमालक, उसगाव

भाऊ, टिपर काही लष्कर घेणार नाही, पण हिशेब तुमच्याच भाषेत देतो. 155 मिलिमीटरचा एक गोळा सुमारे 43 किलो. 18 तोफांनी प्रत्येकी 100 गोळे टाकले तर 1,800 गोळे, म्हणजे 77 टनांहून जास्त. तुमच्या दहा टनी टिपरच्या आठ खेपा. यात नुसतं लोखंड धरलंय. प्रत्येक गोळ्यामागे बारुदीच्या पिशव्या, फ्यूज, खोकी वेगळी. तेही खनिजासारखं ओतून मोकळं व्हायचं नाही, एकेक गोळा हाताने उतरवायचा. आणि 100 गोळे ही काही फार मोठी गोष्ट नाही, घुमश्चक्रीच्या दिवशी एक तोफ त्याहून जास्त टाकते.

ब्रिगेडच्या मुख्यालयात या कामाला वेगळा अधिकारी असतो. लढाईचं वर्णन लिहिताना त्याचं नाव कधी कुणी घेत नाही. द्रासला रात्री दिवे मालवून ट्रक यायचे, ड्रायव्हर डोकं खिडकीबाहेर काढून रस्त्याची कड बघत चालवायचे. तुम्ही खाणीच्या रस्त्यावर ट्रक चालवलेला माणूस, तुम्हाला जास्त सांगायला नको.

1961 साली गोवा मुक्त झाला तेव्हा तोफखाना होता का? — एक आजोबा, साखळी

आजोबा, ते तर तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं असणार. मी जन्मलोही नव्हतो. 18 आणि 19 डिसेंबर, दोन दिवसांत सगळं उरकलं. लोकांच्या आठवणीत विमानांचे बॉम्ब आणि पोर्तुगीज युद्धनौकेवर आपल्या नौदलाने केलेला मारा राहिला. पण एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. त्या कारवाईचं नेतृत्व करणारे 17 इन्फंट्री डिव्हिजनचे मेजर जनरल के. पी. कँडेथ, जे नंतर काही महिने गोव्याचे लष्करी गव्हर्नर होते, ते मूळचे तोफखान्याचेच अधिकारी. 1971 च्या युद्धात ते पश्चिम कमांडचे प्रमुख होते. आणि त्या कारवाईचं नाव ऑपरेशन विजय. 38 वर्षांनी कारगिलच्या कारवाईलाही तेच नाव दिलं. गोव्यातला तोफखानावाला म्हणून दोन्हीकडून माझी कॉलर ताठ.

आता ड्रोन आले. तोफा मोडीत निघणार का? — एक दुकानदार, मडगाव

नाही. हे मी जुन्या नोकरीच्या मायेपोटी म्हणत नाही. युक्रेनमध्ये दोन्ही बाजू तोफेच्या गोळ्यांसाठी जगभर हात पसरत फिरल्या, ते सगळ्यांनी पाहिलं. ड्रोन म्हणजे वर टांगलेला ओ.पी. पूर्वी माथा जिंकल्याशिवाय पलीकडचं दिसत नव्हतं, आता दिसतं. म्हणजे तोफेचा नेम सुधारला. कधी ड्रोन स्वतःच जाऊन आदळतो. पण रात्रभर पावसात, वाऱ्यात, एका जागेवर टनावारी लोखंड टाकत राहणं त्याला परवडत नाही.

अडचण निराळी आहे. जसा आम्हाला शत्रू दिसतो, तसे आम्ही त्याला दिसतो. शत्रूची तोफ शोधायलाही रडार असतं. हवेत आलेल्या गोळ्याचा मार्ग ते बघतं आणि मागे मागे जात तो कुठून निघाला ते काढतं. 1999 मध्ये असं रडार समोरच्यांकडे होतं, आमच्याकडे नव्हतं. त्याची किंमत आम्ही मोजली. आता बंगळुरूला बनलेलं स्वाती आहे, 30 किलोमीटरवरची तोफ पकडतं. असं रडार दोन्हीकडे असलं की गोळे टाकून त्याच जागी चहा पीत बसायची सोय राहत नाही. चार गोळे टाका आणि जागा सोडा. म्हणून हजिऱ्याला बनणारी के-9 वज्र ही रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारी तोफ आली. डोंगरासाठी एम-777 आली, चार टनांच्या आसपास वजनाची, हेलिकॉप्टरला टांगून नेता येते. पूर्वी सहाच्या सहा तोफा एका शेतात उभ्या करायचो, आता एकेक वेगळी, लांब लांब पांगवतात. पांगलेल्या तोफांना एका समेवर आणायचं म्हणजे ब्रिगेडचं काम दुप्पट झालं.

संघटनाही बदलते आहे. 26 जुलै 2025 ला द्रासमध्ये लष्करप्रमुख जनरल उपेंद्र द्विवेदींनी तोफखान्यात 'शक्तिबाण' रेजिमेंट आणि 'दिव्यास्त्र' बॅटऱ्या उभारल्याचं सांगितलं. त्यांच्याकडे ड्रोन, ड्रोन पाडायची साधनं आणि घिरट्या घालून आदळणारा दारूगोळा असेल. नावं जरा दशावतारी वाटतात, पण कल्पना बरोबर आहे. डोळा आणि हात एकाच घरात आले. विमानविरोधी तोफा 1994 मध्ये आमच्यातून वेगळ्या झाल्या होत्या, आणि हेलिकॉप्टरवाले त्याआधी 1986 मध्ये. दोन भाऊ वेगळे निघाले, आता तिसरा पाळणा हलतोय.

मुलींना तोफखान्यात घेतात का? — बारावीतली विद्यार्थिनी, वाळपई

अधिकारी म्हणून घेतात. 29 एप्रिल 2023 ला चेन्नईच्या प्रशिक्षण अकादमीतून पहिल्या पाच मुली तोफखान्यात आल्या. त्यानंतरचं शिक्षण नाशिकजवळ देवळालीच्या तोफखाना शाळेत होतं. तुझ्या भावालाही विचारायचं आहे असं लिहिलंस. त्याची वाट अग्निवीरची. वय किमान साडेसतरा, नोकरी चार वर्षं, त्यानंतर जास्तीत जास्त 25 टक्के जवान कायम. तोफखान्यात आला तर ट्रेनिंग नाशिक रोड किंवा हैदराबाद. गणित सोडू नका दोघेही. त्रिकोणमितीचा उपयोग काय, असं मीही दहावीत विचारत होतो.

तोफखान्यातली माणसं बहिरी होतात हे खरं का? — गृहिणी, पेडणे

बाई, गाव एकच, तेव्हा कुणाच्या सांगण्यावरून हे पत्र आलं ते मी ओळखलं. खरं आहे. कानात बोळे असायचे, नंतर चांगले कानरक्षकही आले, पण रेडिओचं ऐकायचं म्हणून टी.ए. एक कान उघडाच ठेवायचा. माझा उजवा कान गेला. म्हणजे पूर्ण नाही. देवळातला ढोल ऐकू येतो, बारीक, टोकदार आवाज मात्र येत नाहीत. त्यामुळे कुकरच्या शिट्ट्या मोजण्याचं काम घरात माझ्याकडून काढून घेतलं आहे, आणि बायको काही सांगायला आली की मी उजवा कान तिच्याकडे करून बसतो, अशी तिची तक्रार आहे.